वाटणीतली मोटारसायकल

बापाच्या मागे दोघा भावांची वाटणी झाली. भांडी वाटली गेली, हत्यारं वाटली गेली, गॅरेजच्या मधोमध भिंत घालायचं ठरलं आणि शेवटी उरली ती मोटारसायकल. तिच्यापाशी गाडं अडलं.

गाडी दुसऱ्या महायुद्धातली, ब्रिटिश लष्करासाठी बनवलेली. एका सिलिंडरची, अंगानं दणकट, मागच्या चाकाला स्प्रिंग नावालाही नाही, त्यामुळे रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट मणक्याला कळवणारी. बाप लष्कराच्या वाहनदुरुस्ती कारखान्यात मिस्त्री होता. युद्ध संपल्यावर मोडीत निघालेल्या गाड्यांच्या ढिगातून त्यानं ही निवडून आणली, घरी उघडली, जुळवली आणि पुढे जन्मभर तिच्यावरूनच कामाला गेला. दोन्ही पोरं तिच्या टाकीवर बसून मोठी झाली.

थोरला म्हणाला, "मी मोठा. गाडी माझ्याकडे राहणार."

धाकटा म्हणाला, "बाबांचे डोळे गेल्यापासून तिला तेलपाणी कुणी केलं? तू केलंस?"

मध्यस्थीला मामा आला होता. सकाळपासून दोघांची तोंडं बघून तो वैतागला होता. "एवढीच प्रिय आहे ना दोघांना?" तो म्हणाला, "मग तोडा तिला आणि घ्या अर्धी अर्धी!"

मामा बोलून गेला. त्याला वाटलं, हे ऐकून तरी पोरांना लाज वाटेल. थोरला उठला आणि पान्यांची पेटी घेऊन आला.

दोघांनी मिळून गाडी उघडली. वर्षभरात त्यांनी एकत्र केलेलं ते एकच काम, आणि तेही इतकं नेटकं की एका नटाचा आटा गेला नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स थोरल्याकडे गेले. फ्रेम, पुढचं चाक धरणारा चिमटा, चाकं आणि टाकी धाकट्याच्या वाट्याला आली. मामानं कपाळाला हात लावला आणि न जेवताच निघून गेला.

पुढच्याच आठवड्यात भिंत उभी राहिली.

दोन्ही भावांनी भिंतीच्या दोन बाजूंना गाड्या दुरुस्त करूनच पोटं भरली. लग्नकार्यं, आजारपणं, पोरांची शिक्षणं, सगळं भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे वेगवेगळं झालं. धाकट्यानं फ्रेम छताच्या आढ्याला दोन आकड्यांनी टांगली. महिन्यातून एकदा तिला खाली घ्यायचा, पुसायचा, तेलाचा हात फिरवायचा, पुन्हा टांगायचा. इंजिनाची जागा रिकामी. तशाच मॉडेलची इंजिनं बाजारात येत, ओळखीचे लोक सांगून येत, "बसवून टाक की, गाडी रस्त्यावर तरी येईल." तो मान हलवायचा. "हिचं इंजिन भिंतीपलीकडे आहे," म्हणायचा. "जिवंत माणसाच्या जागी दुसरा कोण बसवतो?"

आणि त्या फ्रेमच्या नादानं त्याला दुसरा नाद लागला. त्या काळच्या लष्करी गाड्यांचा कुठला भाग कारखान्यातून आलेला आणि कुठला मागाहून चिकटवलेला, हे ओळखण्यात त्याचा हात धरणारा कुणी उरला नाही. लांबून लोक पिशवीत सुटे भाग घेऊन यायचे. तो प्रत्येक वस्तू हातात घेऊन आधी वजन जोखायचा, मग नख फिरवायचा, मग विचारायचा, "मूळचं म्हणून घेतलंत का हे?" त्याच्या तोंडात सदानकदा तो एकच शब्द, म्हणून जुन्या गाड्यांच्या शौकिनांनी त्याचं नावच 'मूळपुरुष' पाडलं. त्यालाही ते आवडायचं. घरी बायको मात्र म्हणायची, "मूळपुरुष बाहेर. घरात नळ गळतोय तो बघा."

असा काळ गेला. दोघांचे केस पांढरे झाले.

एके दिवशी सकाळी धाकटा कानस चालवत होता. दारात सावली पडली, म्हणून त्यानं मान वर केली. थोरला उभा होता. भिंत झाल्यापासून तो पहिल्यांदाच या बाजूला आला होता.

"बारक्या," थोरला म्हणाला, "कामात आहेस?"

बारक्या अशी हाक मारणारं जगात दुसरं कुणी उरलं नव्हतं. धाकट्यानं कानस खाली ठेवली. थोरल्याचे दोन्ही हात खिशात होते. त्यानं ते बाहेर काढले तेव्हा धाकट्याला कळलं. हात थरथरत होते, वाऱ्यावर पान हलावं तसे.

"कंपवात," थोरला म्हणाला. "डॉक्टर म्हणतो, वाढत जाणार."

"बस."

थोरला स्टुलावर बसला. इकडचं तिकडचं काही न बोलता मुद्द्यावर आला. त्याच्या इंजिनाभोवती त्यानं कुठून कुठून भाग जमवून गाडी पुरी केली होती, हे धाकट्याला माहीत होतं. भिंतीवरून आवाज यायचेच. आता जुन्या गाड्यांच्या मंडळाचा परीक्षक ती तपासून गेला होता. हा परीक्षक कायम गळ्यात भिंग अडकवून हिंडायचा, म्हणून सगळे त्याला भिंगवाले म्हणत.

"म्हणाला, फ्रेम बनावट आहे. नंबर घासलाय. बाकी कशालाच नाव ठेवलं नाही त्यानं."

"फ्रेम बनावट आहेच. ती तू टेम्पोतून उतरवलीस तेव्हाच मी रस्त्यावरून बघितली होती."

"इंजिन पास केलं म्हणाला."

"बाबांचं इंजिन आहे ते," धाकटा जरा चिडूनच म्हणाला. "पास करणारा हा कोण?"

थोरला आढ्याला टांगलेल्या फ्रेमकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आहे तोवर एकदा बाबांची गाडी पुरी बघायची आहे. तुझी फ्रेम, माझं इंजिन. तू हात लाव. मला आता जमणार नाही."

धाकटा "बघतो" म्हणाला. जेवताना बायकोला सांगितलं. ती भाकरी मोडता मोडता थांबली.

"इतक्या वर्षांनी त्यांना भाऊ आठवला की फ्रेम आठवली?"

"हात बघितलेस का त्याचे?"

"हात बघूनच विचारतेय," ती म्हणाली.

पण धाकट्याचं ठरलेलं होतं. खरं तर 'बारक्या' ही हाक ऐकली तेव्हाच ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं फ्रेम खाली घेतली, खांद्यावर टाकली आणि रस्त्यावरून फिरून भिंतीपलीकडे नेली. टाकी, चाकं आणि बाकीचे भाग मागाहून गेले.

पुढचे काही महिने त्याच्या आयुष्यातले बरे म्हणावे असे होते. थोरल्याच्या गॅरेजात जमिनीवर दोन चादरी पसरल्या. एक मूळच्या भागांची, दुसरी मागाहून आलेल्यांची. दोघांनी आपापल्या डब्यांतला सगळा खजिना ओतला. थोरला खुर्चीत बसून बोट दाखवायचा आणि धाकटा उचलून निवाडा करायचा.

"हा बोल्ट?"

"आटे बघ. हा इंची नाही, मिलिमीटरचा आहे. युद्धात कुठून आला असेल? टाक पलीकडे."

"हँडलच्या मुठी?"

"ह्या कॅनव्हासच्या आहेत ना, ह्याच खऱ्या. तेव्हा रबराचा तुटवडा होता. रबरी मुठी दिसल्या की समजायचं, कुणीतरी मागाहून सुख शोधलंय."

"आणि हा पायठेवा? ह्याला रबर नाही."

"म्हणूनच तो मूळचा."

टाकीच्या बुडाशी धाकट्यानं ब्लेडनं रंग खरवडला. वर बापानं मारलेला काळा, त्याखाली तपकिरी, त्याखाली मातकट हिरवा. मडगार्डाच्या आतल्या बाजूला नखाएवढी बाणाची खूण निघाली. लष्कराचा शिक्का. दोघंही गुडघ्यावर बसून ती बघत राहिले. थोरला म्हणाला, "इतकी वर्षं पुसलीस, तुला दिसली नव्हती?" धाकटा म्हणाला, "बाबांच्या रंगाला ब्लेड लावायला हात झाला नव्हता." मग दोघंही थोडे हसले. वहिनी चहा घेऊन आली होती. तिनं ते हसू बघितलं आणि कप ठेवून आत गेली. ती या दिवसांत फारसं बोलायचीच नाही. धाकट्याला वाटायचं, जुनं मनात ठेवून आहे.

एक गोष्ट मात्र त्याला बारीक खड्यासारखी टोचत होती. फ्रेमवर ठोकलेल्या नंबरातल्या तीनच्या आकड्याचा माथा गोल होता. इंजिनावरच्या तीनचा माथा सपाट. नंबर तोच, बापाच्या तोंडून शंभरदा ऐकलेला. त्यानं स्वतःची समजूत घातली. फ्रेमवर ठोकणारा कामगार वेगळा, इंजिनावर ठोकणारा वेगळा. दोघांचे आकडे ठोकायचे पंच वेगळे असतील. दुसऱ्या कुणी असं इंजिन आणलं असतं तर त्यानं त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. पण हे त्याच्या भावानं आणलं होतं.

इंजिन चालू केलं की खालून एक घरघर यायची.

"बेअरिंग गेलंय," धाकटा म्हणाला. "उघडावं लागेल."

"काही नको," थोरला घाईघाईनं म्हणाला. "ती घरघर पहिल्यापासून आहे. मंडळाच्या मेळाव्यात मैदानावर दोन फेऱ्या तर मारायच्या आहेत. उगाच चालत्या गाडीला खीळ कशाला?"

धाकट्यानं तेव्हा विषय सोडला. पण घरघर ऐकू येत असताना गप्प बसणं त्याच्या रक्तात नव्हतं. एका सकाळी वहिनी थोरल्याला घेऊन दवाखान्यात गेली. थोरला परत येईपर्यंत बेअरिंग बदलून टाकावं, त्याला सुखद धक्का द्यावा, असं मनात धरून धाकट्यानं इंजिन उतरवलं आणि क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं अॅल्युमिनियमचं घर, दोन भागांत उघडलं.

आत फडक्यानं पुसलं. दिवा जवळ घेतला. मग पुन्हा पुसलं.

फार पूर्वी, दोघंही शाळेत असताना, एकदा वाटेत गाडीची चेन तुटली होती आणि तिच्या तडाख्यानं ह्या घराला आरपार तडा गेला होता. नवं मिळण्यासारखं नव्हतं. बापानं स्वतः झाळ मारून तो तडा सांधला. अॅल्युमिनियमची झाळ सरळ येत नाही. आतल्या बाजूला बोटभर लांबीचा, गाठीगाठीचा व्रण उठला होता. बाप म्हणाला होता, "दिसायला वाईट आहे, पण आता ही अंधारात चाचपूनसुद्धा ओळखीन मी." डोळे गेल्यावर एकदा त्यानं खरंच चाचपून दाखवलं होतं.

इथे व्रण नव्हता. आतली बाजू गुळगुळीत, कारखान्यातून आली तशी. धाकट्यानं बोट फिरवलं, नख फिरवलं. मग बाहेरच्या नंबराच्या पट्टीला कानशीची कड लावून बघितली. पट्टी शेजारच्या धातूपेक्षा केसभर खोल होती. कुणीतरी आधीचा नंबर घासून काढला होता आणि बापाचा नंबर वरून ठोकला होता. काम इतकं सफाईचं की भिंगवाल्यांचं भिंगही घसरावं.

रिक्षा दारात थांबल्याचा आवाज आला तेव्हा तो तसाच बसला होता. दोन्ही हातांत इंजिनाचे दोन अर्धे.

थोरल्यानं ते बघितलं. दाराच्या चौकटीला टेकला.

"दादा," धाकटा म्हणाला, "बाबांचं इंजिन कुठाय?"

"हातात काय आहे तुझ्या?"

"ह्याला झाळ नाही."

वहिनी मागे उभी होती. तिनं औषधांची पिशवी छातीशी धरली आणि आत जाण्याऐवजी तिथेच थांबली. तिला सगळं माहीत होतं, हे धाकट्याला त्या थांबण्यावरून कळलं.

"भिंतीला गवंडी आला त्या दिवशी," थोरला शेवटी म्हणाला. "तू पलीकडून त्याला सांगत होतास, वीट घट्ट बसव, त्याचा खोकलासुद्धा ऐकू येता कामा नये. मी ऐकत होतो. इंजिन समोरच पडलं होतं. मी घण घेतला."

"मग?"

"मग काय. तुकडे भंगारात घातले."

"आणि हे?"

"पुढच्या वर्षी आणलं. नंबर मीच ठोकला. उद्या तू मागायला आलास तर दाखवायला काहीतरी हवं होतं."

धाकट्यानं दोन्ही अर्धे अलगद चादरीवर ठेवले. कुठल्या चादरीवर ठेवतोय ह्याकडे लक्ष नव्हतं. "मी जागा रिकामी ठेवली," तो म्हणाला. "लोकांनी किती इंजिनं आणून दाखवली. मी म्हणायचो, हिचं भिंतीपलीकडे आहे. लोक हसायचे मला."

"माहीत आहे. दारावरून जाताना दिसायची ना टांगलेली. म्हणून तर सांगवेना."

"मग आता कशाला बोलावलंस?"

थोरला खुर्चीत बसला. हात मांड्यांखाली दाबून धरले. "वाटलं, तुला कळणार नाही," तो म्हणाला. "आणि कळलं तरी बोलणार नाहीस. मोठा आहे मी."

धाकटा उठून घरी गेला. दोन दिवस तो तिकडे फिरकला नाही. बायकोनं विचारलं नाही; तिच्या 'सांगत होते मी' ह्या तीन शब्दांना जिभेवरच दाबून ठेवलं, एवढे उपकार केले. तिसऱ्या दिवशी वहिनी आली. दारातच उभी राहिली.

"भाऊजी, मी आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही."

"नाही."

"नुसता कंपवात नाही, त्यांचं हृदयही थकलंय, फार दिवस नाहीत. गाडी उभी करा. भिंगवाले येतील, बघतील, गाडी मूळची असल्याचा कागद देतील. तेवढं होऊ द्या. तुमच्याशिवाय कुणाला कळणार नाही."

"घण घातला तेव्हा तुम्ही होतात तिथे?"

"चुलीपाशी होते. प्रत्येक घाव ऐकलाय मी," वहिनी म्हणाली. "मध्ये पडायला हवं होतं. पडले नाही. ते माझं मी बघेन. तुम्ही तेवढं करा."

धाकट्यानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी गेला. खोललेलं इंजिन तसंच टाकून देणं त्याला जमलं नसतं, मग ते कुणाचंही असो. त्यानं बेअरिंग बदललं, इंजिन बांधलं, फ्रेममध्ये बसवलं. ते बसलं, कारण मॉडेल तेच होतं. चारही बोल्ट सरळ भोकांत गेले. इतकी वर्षं त्यानं ह्या क्षणाची मनात चित्रं रंगवली होती आणि आता त्याला फक्त पाठ दुखल्याचं जाणवत होतं. थोरला समोर बसून असायचा. कामापुरतं बोलणं व्हायचं. पकड दे. दिवा सरकव. 'बारक्या' म्हणायचं मात्र थोरल्यानं सोडलं.

तपासणीच्या दिवशी सकाळी दाढी करताना धाकट्यानं ठरवून टाकलं, गप्प बसायचं. मरणाऱ्या माणसाशी कसला हिशेब? गाडी सुंदर उभी राहिली होती हे तर खरंच होतं. मातकट हिरवी, टाकीवर पांढरा लष्करी क्रमांक, पुढच्या दिव्यावर युद्धातल्या ब्लॅकआउटची, उजेड झाकणारी टोपी.

भिंगवाले मंडळाच्या दोघा-तिघांना घेऊन आले. थोरल्याला घोंगडी पांघरून खुर्चीत बसवलं होतं. भिंगवाले गाडीभोवती फिरले, वाकले, पालथे पडून खाली शिरले. फ्रेमचा नंबर बघून त्यांनी टाळीच वाजवली. "ही खरी फ्रेम! वा! मुठीसुद्धा कॅनव्हासच्या!" मग इंजिनापाशी आले. भिंग लावलं, बराच वेळ बघितलं आणि उठून उभे राहिले.

"इंजिन मागेच पास केलंय मी," ते म्हणाले. "पण आता मूळपुरुष समोर आहेत. त्यांच्या शब्दापुढे माझं भिंग काय! तुम्हीच सांगा हो, मूळचंच ना?"

धाकट्यानं तोंड उघडलं. 'हो' म्हणायलाच उघडलं होतं. पण त्याआधी थोरला बोलला.

"त्याला काय विचारता?" तो म्हणाला. आवाज कापरा होता, पण त्यात जुना ताठा पुरता होता. "बाबांचंच इंजिन आहे. पोटच्या पोरासारखं जपलंय मी. मी जपलं म्हणून आज ही गाडी उभी आहे. नाहीतर ह्याच्याकडे काय होतं? लोखंडाचा सांगाडा."

मंडळाचे लोक कौतुकानं हसले. एकानं थोरल्याच्या खांद्यावर थोपटलं.

खोटं बोलायला धाकटा तयार होता. पण ते 'जपलंय' त्याच्या घशाखाली उतरेना.

"नाही," तो म्हणाला.

"काय नाही?" भिंगवाल्यांनी विचारलं.

"इंजिन मूळचं नाही. नंबर मागाहून ठोकलाय. तीनचा माथा बघा. आमच्या बाबांच्या इंजिनाला आतून झाळ होती, ह्याला नाही. ते ह्यानंच घणानं फोडलं."

भिंगवाल्यांनी पुन्हा वाकून बघितलं आणि पुष्कळ वेळ वर आले नाहीत. त्यांनाही तोंड लपवायला तेवढीच जागा होती. मग भिंग शर्टाला पुसलं, "बरं, बघू, कळवतो," असं पुटपुटले आणि सगळे निघाले. रस्त्यावर जाऊन त्यांचं कुजबुजणं सुरू झालं ते आत ऐकू येत होतं.

थोरला भावाकडे बघत नव्हता. गाडीकडेही नाही. घोंगडीखाली त्याचे हात इतके हलत होते की घोंगडी घसरून पडली. धाकटा ती उचलायला वाकला, पण वहिनी आधी आली.

"एक शब्द होता, भाऊजी," ती म्हणाली. "गिळला असता तर मरणार नव्हतात तुम्ही."

धाकटा घरी आला. आपण खोटं बोललो नाही, हे त्यानं मनाशी पुष्कळदा घोकून बघितलं. खरं बोलल्यावर छाती हलकी होते असं म्हणतात. त्याची झाली नाही. उलट त्याला राहून राहून वाटायचं की खरं सांगायला आपण बोललोच नव्हतो. आपण घण घातला होता.

बातमी शौकिनांत पसरली आणि दोन्ही बाजूंनी चघळली गेली. कुणी म्हणालं, मूळपुरुष तो मूळपुरुष, सख्ख्या भावालाही सोडलं नाही. कुणी म्हणालं, सख्ख्या भावालाही सोडलं नाही, असला कसला मूळपुरुष. लोक सुटे भाग घेऊन यायचे ते कमी झाले. जे यायचे त्यांना तो म्हणायचा, "मला आता नीट दिसत नाही," आणि परत पाठवायचा.

फ्रेम तिकडेच राहिली. मागायला कुठल्या तोंडानं जाणार होता?

थोरला हिवाळ्यात गेला. धाकट्याला कुणी कळवलं नाही. दारासमोर माणसं जमलेली दिसली तेव्हा कळलं. तो गेला, त्याला कुणी अडवलं नाही, आणि कुणी सरकून जागाही दिली नाही. खांदा द्यायला तो पुढे झाला तेव्हा पुतण्या, जो नोकरीच्या गावाहून घाईनं आला होता, त्याच्याकडे क्षणभर बघत राहिला आणि मग बाजूला झाला. थोरला फार हलका झाला होता.

काही आठवड्यांनी वहिनीनं गाडी काढून टाकायची ठरवली. पुतण्यानं आधी येऊन विचारलं होतं, "काका, तुम्ही नेताय का? फ्रेम तुमचीच आहे." धाकटा म्हणाला, "मला नको." पुतण्या म्हणाला, "आम्हालाही नको. आईला ती डोळ्यांसमोर नको झालीय." ज्या गाडीसाठी दोन माणसांनी आयुष्य नासवलं, तिला आता घरात कुणी धनी राहिला नाही.

पुरी गाडी कागदाशिवाय घ्यायला शौकीन तयार होईनात. शेवटी सुट्या भागांचा एक व्यापारी तयार झाला. ती मोडून भाग सुटे सुटे विकणार होता. त्याची एकच अट होती. मूळचे कुठले आणि मागाहूनचे कुठले, हे जाणत्या माणसानं वेगळं करून द्यायला हवं.

ह्या वेळी वहिनी स्वतः आली नाही. निरोप पाठवला.

धाकटा गेला. व्यापारी गाडी उघडत होता. पाना चुकीचा लावून नटाचे कोपरे खात होता. धाकट्यानं त्याच्या हातातून पाना घेतला आणि स्वतः उघडू लागला. एकेक भाग निघाला की सांगायचा आणि व्यापारी त्याला तारेनं चिठ्ठी बांधून खोक्यात टाकायचा. मुठी, मूळच्या. चिमटा, मूळचा. मागचं मडगार्ड, मूळचं. साखळीची झाकणपट्टी, नंतरची. टाकी, मूळची. टाकी सोडवायला त्याला जरा वेळ लागला. वहिनी आतल्या दारात येऊन उभी होती. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

शेवटी जमिनीवर इंजिन उरलं. व्यापाऱ्यानं पायानं ते थोडं सरकवलं. "हे बनावट ना? ऐकलंय मी."

धाकट्यानं खाली बसून नंबराच्या पट्टीवर अंगठा फिरवला. आता सावकाश बघायला कुणाची घाई नव्हती. घासताना कानस एकाच दिशेनं, एकाच दाबानं चालवली होती. आकडे एका ओळीत होते, खोली सारखी होती. भाऊ एकटा, भिंतीपलीकडे, खोकला दाबून हे करत बसला असेल.

"नंबर बनावट आहे," तो म्हणाला. "इंजिन चांगलं आहे. बेअरिंग नवं आहे, मी घातलंय."

"मग चिठ्ठीवर काय लिहू?"

"मूळचं नाही असं लिही."

व्यापाऱ्यानं लिहिलं. तार बांधली. इंजिन एकट्याला उचलेना, म्हणून धाकट्यानं दुसऱ्या बाजूनं हात लावला आणि दोघांनी ते टेम्पोत चढवलं. परत वळून बघितलं तर वहिनीनं दार लावून घेतलं होतं. तो रस्त्यावरून फिरून आपल्या बाजूला आला, नळाखाली हात धरले आणि काळं पाणी वाहून जाईपर्यंत चोळत राहिला.